अकूस्टिक गीतांतील बासची साथ

अकूस्टिक गीतांतील बासची साथ म्हणजे एखाद्या गायक-गीतकाराने गिटारवर किंवा पियानोवर रचलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्या वादकाने डबल बास अथवा बास गिटार या वाद्यावर वाजवलेला मंद्र स्वरांचा भाग होय. मराठीत 'गीतकार' हा शब्द प्रायः केवळ शब्दरचना करणाऱ्यास लावला जातो. या लेखात 'गायक-गीतकार' ही संज्ञा शब्द आणि चाल दोन्ही रचून ते गीत स्वतः गाणाऱ्या कलावंतासाठी वापरली आहे. विजेच्या साहाय्यावाचून नाद निर्माण करणाऱ्या वाद्यांना अकूस्टिक वाद्ये म्हणतात.

अशा गीताचे वैशिष्ट्य असे की, बासवादक येण्यापूर्वीच ते एका अर्थी पूर्ण झालेले असते. कंठ आणि गिटार एवढ्यावर ते गाता येते. त्यामुळे बासवादकापुढे 'काय वाजवावे' याच्याही आधी 'काही वाजवण्याची गरज आहे काय' हा प्रश्न असतो. मंद्र स्वर गीताचा पाया ठरवतात, म्हणून बासचा एक स्वर बदलला तरी वरचे सारे स्वर वेगळे भासू लागतात. दुसऱ्याच्या रचनेवर एवढा परिणाम करू शकणाऱ्या या वादकाचे नाव मात्र रचनाकार म्हणून सहसा नोंदले जात नाही.

वाद्ये

डबल बास हे व्हायोलिन कुलाशी निगडित असलेले, उभे राहून अथवा उंच आसनावर बसून वाजवण्याचे वाद्य आहे. ते गजाने किंवा बोटांनी वाजवतात. गीतांच्या साथीत बोटांनी वाजवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. त्याला पडदे नसतात. स्वराचे नेमके स्थान वादकाला कानाने आणि हाताच्या सवयीने शोधावे लागते. तार छेडल्यावर लाकडी पेटीतून निघणारा नाद आरंभी ठसठशीत असतो व नंतर हळूहळू विरतो.

बास गिटार हे विजेवर चालणारे वाद्य आहे. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बास'मुळे त्याचा प्रसार झाला. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, हेच त्या नावातून सुचवलेले आहे. पडदे नसलेली बास गिटारही वापरात आहे. तिच्यावर मींडेसारखे सरकते स्वर काढता येतात.

दोन्ही वाद्यांच्या चार तारा सामान्यतः गिटारच्या चार जाड तारांच्या स्वरांतच, परंतु एक सप्तक खाली जुळवतात. गिटारची सर्वांत जाड तार दर सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, तर बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ कंपने करते.

सांगीतिक कार्य

पायाच्या स्वराची निवड

पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून होणाऱ्या समूहास कॉर्ड म्हणतात. त्या समूहात सर्वांत खाली कोणता स्वर आहे, यावर त्याचा भाव मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. समजा, गिटारवर सा, ग आणि प हे शुद्ध स्वर एकत्र वाजत आहेत. बासवर सा असेल, तर समूह स्थिर वाटतो. बासवर ग ठेवला, तर तोच समूह पुढे सरकू पाहतो. बासवर शुद्ध ध वाजवला, तर मात्र सगळे चित्रच पालटते. ध हाच पायाचा स्वर आहे असे मानून कान ऐकू लागतो. त्याच्या हिशेबाने गिटारवरचे तीन स्वर कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद ठरतात. गिटारवादकाने एकही बोट हलवलेले नसते, तरी प्रसन्न वाटणारी जागा उदास होते.

हे सामर्थ्य जपून वापरावे लागते. कॉर्डचा मूळ स्वर वाजवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. अन्य स्वर निवडायचा झाल्यास तो शब्दांच्या अर्थाशी आणि गायकाच्या स्वराशी सुसंगत आहे काय, हे पाहावे लागते. गीताच्या पहिल्या कडव्यात मूळ स्वर ठेवून नंतरच्या कडव्यात एखाद्याच ठिकाणी पाया बदलला, तर तेच शब्द नव्याने ऐकू येतात. प्रत्येक ओळीत तसे केल्यास परिणाम नाहीसा होतो.

गिटारच्या अंगठ्याशी नाते

बोटांनी गिटार वाजवणारे अनेक गायक-गीतकार उजव्या हाताच्या अंगठ्याने जाड तारांवर आळीपाळीने स्वर वाजवतात व इतर बोटांनी वरच्या तारांवर धून सांभाळतात. म्हणजे गिटारमध्येच एक छोटा बासवादक दडलेला असतो. बाहेरून आलेल्या वादकाने अंगठ्याचा प्रत्येक स्वर एक सप्तक खाली तसाच उचलला, तर नाद जड होतो आणि दोन्ही वाद्यांचे आघात किंचित मागेपुढे पडल्यास गढूळपणा येतो.

यावर रूढ उपाय तीन आहेत. पहिला, अंगठ्याच्या अनेक स्वरांपैकी केवळ पहिल्या ठोक्याचा स्वर घेऊन तो लांबवणे. दुसरा, अंगठा जेथे थांबतो तेथेच बोलणे. तिसरा, बासने वरच्या सप्तकात जाऊन गायकाच्या ओळींमधील मोकळ्या जागी उत्तरादाखल लहानशी धून वाजवणे. यांपैकी तिसऱ्या उपायात गायकाच्या शब्दांवर चाल करून जाण्याचा धोका सर्वाधिक असतो.

गिटारची सर्वांत जाड तार उतरवून जुळवलेली असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. अशी तार बासच्या प्रदेशात शिरते. शिवाय बहुतेक अकूस्टिक गिटारांची पेटी दर सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास अधिक घुमते, आणि बासचे पुष्कळ स्वरही त्याच परिसरात असतात.

लय आणि स्वराची लांबी

तालवाद्य नसलेल्या गीतात ठोका कोठे आहे, हे श्रोत्याला बासवरून कळते. स्वर कधी सुरू होतो याइतकेच तो कधी थांबतो यालाही महत्त्व असते. पुढच्या ठोक्यापर्यंत लांबवलेला स्वर गीताला सलग प्रवाह देतो. ठोक्याच्या मध्यावर तोडलेला स्वर पावलांसारखी चाल निर्माण करतो. म्हणून डाव्या हाताने तार दाबून नाद थांबवणे हे या साथीतील मूलभूत कौशल्य मानले जाते.

पूर्वतयारी

दुसऱ्याच्या गीताची साथ करताना वादकाला प्रथम गीताची रचना समजून घ्यावी लागते. कडवी किती, ध्रुवपद कोठे येते, कोणत्या ओळीनंतर गायक एखादी मात्रा अधिक थांबतो, या गोष्टी तो टिपून ठेवतो. एकट्याने गाण्याची सवय असलेले गीतकार ओळीच्या शेवटी श्वासासाठी मात्रा वाढवतात किंवा कमी करतात. ती अनेकदा त्या गीताची स्वाभाविक चाल असते. ती सरळ करण्यापेक्षा आत्मसात करणे वादकाच्या हिताचे ठरते.

गिटारवर कॅपो लावलेला असल्यास गोंधळ होण्याचा संभव असतो. कॅपो ही गिटारच्या मानेवर लावून सर्व तारांचा स्वर चढवणारी पट्टी होय. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून गीतकार 'जी' कॉर्डची बोटे धरतो व तिला 'जी' म्हणतो. प्रत्यक्षात ऐकू येणारी कॉर्ड 'ए' असते. बासवर कॅपो नसल्यामुळे वादकाला ऐकू येणारा स्वरच धरावा लागतो.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे यासाठी अंकलेखनाची पद्धत रूढ झाली. तीत कॉर्डचे नाव न लिहिता तिचे गीताच्या षड्जापासूनचे स्थान १, ४, ५ अशा अंकांनी दाखवतात. गायकाने पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. सा कोणत्याही पट्टीत धरून सरगम गाता येते, त्याच तत्त्वावर ही पद्धत उभी आहे.

ध्वनिमुद्रणाच्या पद्धती

एकत्र वादन

या पद्धतीत गायक-गीतकार आणि बासवादक एकाच वेळी वाजवतात. दोघे एकमेकांना पाहू व ऐकू शकत असल्याने लयीतील चढउतार आपोआप जुळतात. एकाच खोलीत ध्वनिमुद्रण केल्यास बासचा नाद गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. मग बासची चूक नंतर स्वतंत्रपणे दुरुस्त करता येत नाही. संपूर्ण गीत पुन्हा गावे लागते. वादकाला वेगळ्या खोलीत बसवल्यास ही अडचण टळते, परंतु परस्परांची उपस्थिती केवळ हेडफोनपुरती उरते.

नंतर जोडलेले वादन

बहुपथ ध्वनिमुद्रणामुळे कंठ व गिटार आधी मुद्रित करून बास नंतर जोडणे शक्य झाले. या प्रकारास ओव्हरडब म्हणतात. यात वादकाला निर्णय बदलण्याची, निरनिराळे प्रयत्न करून पाहण्याची मोकळीक मिळते. मात्र गीतकार आता त्याला प्रतिसाद देऊ शकत नाही. सारे जुळवून घेणे एकाच बाजूने होते.

ठोक्याचा यांत्रिक आवाज न लावता मुद्रित केलेल्या गीताची लय थोडी पुढेमागे होत असते. अशा वेळी वादक मनातल्या मनात मात्रा मोजत बसला, तर तो चुकतो. गायकाचा श्वास आणि गिटारच्या तारांवर पडणारे बोट यांची चाहूल घेऊनच त्याला स्वर टाकावा लागतो. गीताच्या आरंभी मोजणी मुद्रित करून ठेवल्यास पहिला स्वर नेमका पडतो; ती मोजणी नंतर काढून टाकतात.

सूर जुळवतानाही आधी मुद्रित झालेली गिटार हेच प्रमाण धरावे लागते. ती प्रमाण पट्टीपेक्षा किंचित चढी किंवा उतरी असल्यास यंत्राने अचूक जुळवलेला बासच बेसूर वाटतो.

तांत्रिक बाबी

डबल बाससाठी घोडीच्या किंवा पेटीवरील ध्वनिछिद्राच्या समोर मायक्रोफोन ठेवतात. बास गिटारचा विद्युत संकेत थेट मुद्रणयंत्राकडे नेता येतो किंवा ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन ठेवून घेता येतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरल्यास मायक्रोफोनकडून येणारा नाद किंचित उशिरा पोहोचतो. हवेतून ध्वनीला सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापण्यास एक सहस्रांश सेकंद लागतो. एवढ्याशा फरकानेही दोन्ही नाद एकत्र केल्यावर काही स्वर क्षीण होतात, म्हणून दोन्हींची वेळ जुळवून घेतात. मिश्रण करताना बासला जागा मिळावी यासाठी गिटारचा खालचा नाद थोडा कमी करण्याचीही प्रथा आहे.

उल्लेखनीय ध्वनिमुद्रणे

जॉन वेस्ली हार्डिंग

बॉब डिलन यांचा हा अल्बम १९६७ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत नॅशव्हिल येथे मुद्रित झाला. डिलन यांचा कंठ, अकूस्टिक गिटार, पियानो व हार्मोनिका यांना बहुतेक गीतांत केवळ चार्ली मकॉय यांची बास गिटार आणि केनी बट्री यांचे ड्रम यांची साथ आहे. इतर वाद्यांची गर्दी नसल्यामुळे बासचा प्रत्येक स्वर स्पष्ट ऐकू येतो.

ॲस्ट्रल वीक्स

व्हॅन मॉरिसन यांचा हा अल्बम १९६८ च्या सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथील सेंच्युरी साउंड स्टुडिओत मुद्रित झाला. निर्माते ल्युइस मेरेनस्टाइन यांनी त्यासाठी जॅझ वादक निवडले. डबल बासवर रिचर्ड डेव्हिस होते. एरिक डॉल्फी यांच्या 'आउट टु लंच' या १९६४ मध्ये निघालेल्या जॅझ अल्बममध्येही त्यांचे वादन आहे. वादकांच्या आठवणींनुसार त्यांना लिखित स्वरलेख दिले नव्हते. मॉरिसन गिटारवर गीत गात आणि वादक ते ऐकून आपली साथ तेथेच घडवत. 'मॅडम जॉर्ज' हे सुमारे पावणेदहा मिनिटांचे गीत मोजक्याच कॉर्डवर उभे आहे. इतका वेळ फिरून फिरून तेच स्वरसमूह येत असताना गीताला गती देण्याचे काम बऱ्याच अंशी डेव्हिस यांच्या बासने केले आहे.

निक ड्रेकचे तीन अल्बम

इंग्रज गायक-गीतकार निक ड्रेक (१९४८–१९७४) याच्या हयातीत तीनच अल्बम प्रसिद्ध झाले. बासच्या दृष्टीने ते तीन भिन्न उत्तरे आहेत. तिन्ही अल्बम जॉन वुड यांनी मुद्रित केले. पहिल्या दोहोंचे निर्माते जो बॉइड होते. लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स हा त्यांचा स्टुडिओ पूर्वी दुग्धालयाच्या इमारतीत होता.

'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९) या पहिल्या अल्बममध्ये पेंटँगल या समूहाचे डॅनी थॉम्पसन यांनी डबल बास वाजवला आहे. 'चेलो साँग' या गीतात गिटार, चेलो, कोंगा आणि डबल बास एकत्र येतात. चेलो गजाने लांब धून वाजवतो, तर बास बोटांनी खाली चाल धरतो. दोन्ही वाद्ये मंद्र स्वभावाची असूनही त्यांची कामे वेगळी राहतात. याच अल्बममधील 'वे टु ब्लू' या गीतात कंठ व तंतुवाद्यवृंद एवढेच आहे. ड्रेकची गिटारदेखील तेथे नाही.

'ब्रायटर लेटर' (१९७१) या दुसऱ्या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या समूहाचे डेव्ह पेग यांची बास गिटार आहे. अनेक गीतांत ड्रमही असल्यामुळे बासचे नाते येथे गिटारपेक्षा ड्रमशी अधिक जुळते. गीतांची चाल अधिक बांधीव आणि नागर होते.

'पिंक मून' (१९७२) या तिसऱ्या अल्बममध्ये बास नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत झालेल्या या ध्वनिमुद्रणात ड्रेकचा कंठ व गिटार असून शीर्षकगीतात थोडा पियानो नंतर जोडला आहे. गिटारच्या जाड तारा काही गीतांत बऱ्याच खाली उतरवलेल्या असल्याने मंद्र बाजू गिटारच सांभाळते. बास नसणे हीदेखील साथीविषयीची एक जाणीवपूर्वक निवड असू शकते, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

वॉक ऑन द वाइल्ड साइड

लू रीड यांचे हे गीत 'ट्रान्सफॉर्मर' (१९७२) या अल्बममध्ये आहे. अकूस्टिक गिटारच्या साध्या आवर्तनावर हर्बी फ्लॉवर्स यांनी आधी डबल बास वाजवला आणि त्यावर दशमाच्या अंतराने बास गिटार जोडली. एका सप्तकातला सा आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ग यांत जे अंतर असते, ते दशम होय. दोन्ही वाद्ये स्वरावरून स्वरावर सरकत जातात. गीत ओळखण्याची खूण शब्दांआधीच या बासमुळे पटते.

हेजिरा

जोनी मिचेल यांचा १९७६ मधील हा अल्बम पूर्णतः अकूस्टिक नाही. तरीही या विषयात त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. बालपणीच्या पोलिओमुळे डावा हात दुबळा झाल्याने मिचेल यांनी गिटारच्या तारा वेगवेगळ्या रीतींनी जुळवून वादन केले. त्यातून निर्माण होणाऱ्या कॉर्डचा मूळ स्वर कोणता, हे अनेकदा एका शब्दात सांगता येत नाही. अशा कॉर्डखाली ठाम मूळ स्वर ठेवल्यास त्यांची संदिग्धता नाहीशी होते. नऊपैकी चार गीतांत जॅको पास्टोरियस यांनी पडदे नसलेली बास गिटार वाजवली आहे. ती पुष्कळदा वरच्या स्वरांत वावरते आणि गायनाशी संवाद साधते. याच अल्बममधील 'अमेलिया' हे गीत मात्र बासवाचून आहे.

श्रेय आणि मानधन

पारंपरिक व्यवहारात गीताचे रचनाकार म्हणून शब्द आणि चाल रचणाऱ्याचे नाव लागते. स्टुडिओत बोलावलेल्या बासवादकाला त्या दिवसाच्या कामाचे ठरावीक मानधन मिळते. त्याने स्वतः सुचवलेला भाग गीताची ओळख बनला, तरी रचनेच्या उत्पन्नात त्याचा वाटा आपोआप निर्माण होत नाही. फ्लॉवर्स यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, दुसरे वाद्य वाजवल्यास अधिक मानधन मिळत असे, हेही त्या प्रसिद्ध दुहेरी बासमागचे एक कारण होते. पुढे ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या समूहाने १९९० मध्ये आपल्या गीतात त्या ध्वनिमुद्रणाचा अंश वापरला, तेव्हा त्याचे उत्पन्न लू रीड यांच्याकडे गेले.

साथीदाराचे योगदान केव्हा रचना ठरते, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' (१९६७) या गीतातील ऑर्गनवादनाबद्दल मॅथ्यू फिशर यांचा ४० टक्के वाटा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये मान्य केला. हा खटला ऑर्गनविषयी असला, तरी नव्याने रचलेला आणि गीताच्या ओळखीचा भाग झालेला वाद्यांश रचना मानला जाऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने गायक-वादकांसह कलावंतांचे सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क कलम ३८ अन्वये मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाची तरतूद झाली. सादरकर्त्याचा हक्क आणि रचनाकाराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथीदाराने केवळ वाजवले की रचनाही केली, हे प्रत्येक गीतात निराळे असते. यास्तव श्रेय, मानधन आणि वाटा या तीन गोष्टी ध्वनिमुद्रणापूर्वीच लेखी ठरवून घेणे गीतकार आणि बासवादक दोघांच्याही हिताचे असते. अल्बमच्या माहितीपत्रकात गीतनिहाय वादकांची नावे छापण्याच्या प्रथेमुळेच डेव्हिस, थॉम्पसन, पेग यांच्यासारख्या वादकांनी कोणत्या गीतात काय वाजवले, हे श्रोत्यांना आणि अभ्यासकांना कळू शकते.